हजेरीपटातला ऑक्टोबर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "वीस मिनिटं बोल. नोकरी सांभाळून आईस्क्रीमचं दुकान कसं चालवतेस, ते सांग. पोरांना प्रेरणा मिळेल." मी हो म्हणाले, पण प्रेरणेचं काही माझ्याकडे नाही. एक चूक आहे. ती मी केली, ती आपल्या शाळेच्या हजेरीपटात सापडली, आणि ती दुरुस्त करायला मला दोन हंगाम लागले. आज तीच सांगते. प्रेरणा दुसरं कोणी देईलच.

आधी दुकानाबद्दल. नागपुरात दोन शटरचं छोटं दुकान आहे. रोजचा कारभार माझी नणंद बघते. मी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरची नोकरी करते आणि शनिवार-रविवार आईस्क्रीमच्या यंत्रापाशी उभी असते. घरात सगळ्यांना वाटलं होतं, चार महिन्यांत हौस फिटेल. मलाही थोडं तसंच वाटलं होतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिलं आईस्क्रीम दुकानात खाल्लं नसणार. मी तरी मे महिन्यात आजोळी खाल्लं. लाकडी बादलीत बर्फाचे तुकडे, त्यावर खडेमीठ, मधे पत्र्याचा डबा, आणि आळीपाळीने दांडा फिरवणारी आम्ही सात-आठ पोरं. मीठ कशाला टाकतात, हे मी मामाला विचारलं होतं. "बर्फाला घाम यावा म्हणून," असं त्याने सांगितलं. नववीत सरांनी खरं कारण शिकवलं. मीठ मिसळलं की बर्फ शून्य अंशाखाली असतानाही वितळायला लागतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. म्हणून डब्यातलं दूध गोठतं. मामाचा घाम आणि सरांचं विज्ञान यांत फारसं अंतर नव्हतं, हे मला आत्ता कळतं.

आमचं यंत्र विजेवर चालतं, एवढाच फरक. एका वेळेला सहा लिटर. आटवलेलं दूध, साय, साखर, दूधपावडर यांचं मिश्रण साडेअडुसष्ट अंशांवर अर्धा तास धरायचं, झटकन थंड करायचं, रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यायचं, आणि सकाळी यंत्रात फिरवायचं. फिरवताना त्यात हवा जाते. हवेशिवाय आईस्क्रीम म्हणजे गोड बर्फाचा दगड, त्यामुळे हवा वाईट नाही. प्रश्न किती, याचा आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे एक लिटर आईस्क्रीमचं वजन कमीत कमी ५२५ ग्रॅम असलं पाहिजे. घोटलेलं मिश्रण लिटरला किलोपेक्षा थोडं जास्त भरतं. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहूनही जवळजवळ अर्धा डबा हवा विकता येते. त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे. साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के हवा. वनस्पती तेलाचं असेल तर त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही, डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असं लिहावं लागतं. घरी गेल्यावर फ्रीजमधला डबा उलटून बघा. माझी भाची तो बघून दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती.

विदर्भाला चांगलं आईस्क्रीम नवं नाही. १९३२ साली नागपुरात दिनशॉ आणि एरचशॉ राणा या पारशी भावांनी दुधाचा धंदा सुरू केला, आणि 'दिनशॉ' हे नाव आपल्याकडे आईस्क्रीमचंच दुसरं नाव होऊन बसलं. दहावीच्या निकालाला नागपूरला गेलेल्या कितीतरी मुलांनी पहिला कप त्यांचाच खाल्ला असेल. फळांच्या आईस्क्रीमचा रस्ता मात्र मुंबईने दाखवला. रघुनंदन कामत हे मंगळुरूकडच्या एका फळविक्रेत्याचे चिरंजीव. त्यांनी १४ फेब्रुवारी १९८४ रोजी जुहूला 'नॅचरल्स' उघडलं. नुसत्या आईस्क्रीमसाठी लोक येतील याची खात्री नव्हती, म्हणून सुरुवातीला सोबत पावभाजीही विकली. फळ, दूध, साखर, बस्स, हा त्यांचा हट्ट. सीताफळाचं आईस्क्रीम आज महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीत वाढतात, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. २०२४ च्या मे महिन्यात ते गेले. मी त्यांना कधी भेटले नाही, पण सीताफळाच्या बिया काढताना त्यांची आठवण येते. ज्याने हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं, त्याच्या चिकाटीला नमस्कार केला पाहिजे.

कारण सीताफळ हे फार अवघड फळ आहे. आपण सगळे त्याच्यात वाढलो, म्हणून आपल्याला ते कळत नाही. आपल्या झरी-जामणी तालुक्यात टेकाडांवर, बांधांवर, कोलाम पोडांच्या मागच्या जंगलात ते आपोआप येतं. दसऱ्याच्या सुमारास डोळे उघडले की तोडायचं, दोन-तीन दिवसांत पिकतं, चौथ्या दिवशी काळं पडतं. आंब्याचा रस डब्यात भरून उकळून ठेवता येतो. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. उघडा ठेवला की तपकिरी होतो. मिक्सरमध्ये घातला आणि एखादी बी फुटली तर सगळा घाण टाकून द्यावा लागतो, कारण बी विषारी असते. म्हणजे फळ पिकल्या दिवशीच, स्वच्छ हातांनी, एकेक बी अलगद सोडवून गर काढायचा आणि लगेच गोठवायचा. दहा किलो फळातून साडेतीन किलो गर निघाला तर नशीब. तो थंड मिश्रणात थंडच घालायचा. तापवून जंतू मारायची सोय नसल्यामुळे सगळी भिस्त गर काढणाऱ्या हातांवर. आमच्या दुकानातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू यंत्र नाही, ते हात आहेत.

ते हात मला कुठे मिळणार होते? अर्थातच इथे.

शाळेच्या फाटकाजवळ टोपली घेऊन बसणाऱ्या मावश्या तुम्हाला आठवतात. स्टेशनवर गाडी थांबली की खिडकीखाली टोपल्या उंच धरून धावणाऱ्या बायका आठवतात. गाडी दोन मिनिटं थांबायची आणि भाव त्या दोन मिनिटांत ठरायचा. शिटी वाजली की अर्ध्या किमतीत. आम्हीही तसंच घेत होतो आणि घरी येऊन सांगत होतो की स्वस्त मिळालं. दुकान काढल्यावर पहिल्या वर्षी मी व्यापाऱ्याकडून नागपुरातच माल घेतला. तो कुठून येतो, हे विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, तुमच्याच वणीकडचा." त्याने मला जो भाव लावला आणि तोडणाऱ्या बाईला जो मिळाला, त्यांत किती अंतर असेल, ते मला हिशेब न करताही कळलं.

दुसऱ्या वर्षी मी इथे आले. एका पोडावरच्या बायकांचा बचत गट होता. ओसरीत बसून बोलणी झाली. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाई, सीताफळ काही थांबत नाही जी. आज नाही गेलं त उद्या डुकरालेच टाका लागते. म्हणून लोक आमाले भाव पाडून मागते." एवढ्या एका वाक्यात तिने मला सगळं अर्थशास्त्र सांगितलं. ज्याचा माल उद्या सडणार, त्याला आज घासाघीस करता येत नाही. तेव्हा उपाय साधा होता. गर इथेच काढायचा, इथेच गोठवायचा. गोठलेला गर थांबतो. जो थांबू शकतो, त्याला भाव मिळतो.

आम्ही एक मोठा डीप फ्रीजर आणला, इन्व्हर्टर लावला, पांढरे टेबल, टोप्या, हातमोजे, तराजू. फळाला बाजारापेक्षा जास्त भाव, आणि गर काढायची मजुरी वेगळी, किलोला ६० रुपये. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या आदिवासी बायकांनी असंच जंगलातल्या सीताफळाचा गर काढून आईस्क्रीमवाल्यांना विकायला सुरुवात केल्याचं मी वाचलं होतं. वाटलं, आपल्याकडे का नाही? पहिल्याच महिन्यात एकदा वीज गेली ती अठरा तास. इन्व्हर्टर सहा तासांत बसला. चाळीस किलो गर ओढ्याकाठी खड्ड्यात गेला. बायकांची मजुरी दिली, रडले आणि पुढच्या आठवड्यात जनरेटर आणला. ही मी सांगायला निघालेली चूक नव्हे, हे नुसतं नुकसान होतं. नुकसान पैशाने भरून निघतं.

आता नागपूरकडची बाजू ऐका, कारण चूक तिथे शिजत होती.

आमच्या दुकानात येणारी गिऱ्हाईकं विचारणारी आहेत. दूध कोणाचं, रंग घालता का, चॉकलेट कोणतं. मला ते प्रश्न आवडायचे. दूध आम्ही ओळखीच्या गोठ्यातून घेतो आणि फॅट बघून पैसे देतो. व्हॅनिला महाग पडला तरी खरा घेतो. आणि चॉकलेटच्या बाबतीत मी फार कडक झाले होते. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासाचा अहवाल २०२० मध्ये आला. त्यात या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या कामात बालमजूर म्हणून गुंतलेली असल्याचं म्हटलं होतं. ते वाचल्यावर मी नेहमीचा कोको बंद केला. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचा कोको, दुप्पट भावाचा, मागवायला लागले. भिंतीवर पाटी लावली, "आमच्या चॉकलेटमध्ये कोणत्याही मुलाचे हात नाहीत." लोक त्या पाटीसोबत फोटो काढायचे. भाचा म्हणाला, "मामी, पाटीवर 'एथिकल' लिही, चालतं ते." तेही लिहिलं.

तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, एका बुधवारी दुपारी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना आपल्या शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, त्या माझ्यानंतर रुजू झालेल्या. मला वाटलं, या मेळाव्याच्या वर्गणीसाठी असेल. त्यांनी विचारलं, "तुमचं ते सीताफळाचं काम किती दिवस चालणार आहे?" मी म्हटलं, "दिवाळीनंतरही आठ-दहा दिवस. का?" त्या म्हणाल्या, "एक मिनिट, वाचून दाखवते." आणि त्यांनी सातवीचा हजेरीपट वाचायला सुरुवात केली. नाव, सोमवार गैरहजर, मंगळवार गैरहजर, बुधवार गैरहजर. दुसरं नाव. सोमवार गैरहजर. अशा पाच मुली. सगळ्या एकाच पोडावरच्या. बाई ओरडल्या नाहीत, उपदेशही केला नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "कापसाच्या वेचणीला पोरी जातात, ते आम्ही दरवर्षी बघतो. या वर्षी त्याच्या आधीच रिकामी बाकं दिसायला लागली, म्हणून विचारलं."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुटबनला आले. न सांगता आले. ओसरीत टेबलाभोवती बायका होत्या, आणि प्रत्येक दोन बायकांमध्ये एक मुलगी. टोपी, हातमोजे, सगळं व्यवस्थित. मोठे हातमोजे त्यांच्या मनगटांवर दोऱ्याने बांधले होते. त्यातल्या एकीला मी विचारलं, शाळा? ती हसली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, "मॅडम, माझे दिवसाले चार किलो होते. आईचे तीनच." लहान बोटांना बी पटकन सुटते. तिला वाटलं, मी शाबासकी द्यायला आले.

त्या क्षणी मला माझ्या दुकानाची भिंत आठवली. पाटी आठवली. आयव्हरी कोस्टच्या मुलांसाठी मी दुप्पट पैसे मोजत होते, आणि ज्या शाळेने मला इंजिनीअर केलं, तिच्या सातवीच्या बाकावरून उठवून आणलेली मुलगी माझ्या सीताफळाच्या बिया काढत होती. आणि हे कोणा व्यापाऱ्याने केलं नव्हतं. चांगला भाव देऊन मीच केलं होतं.

मला पहिला राग त्या आयांचा आला. खरं सांगते, तसाच आला. तो ओसरीतून बाहेर पडेपर्यंत टिकला. रस्त्यापलीकडे कापसाचं वावर होतं. वेचणीचा भाव कसा असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. किलोवर. जितका वेचाल तितके पैसे. म्हणून घरातली सगळी माणसं उतरतात, पोरंसोरंसुद्धा. मी गर काढायचा दर ठरवला तो कशावर? किलोवर. कोणाला न विचारता, त्यात काही विशेष आहे असं न वाटता, मी वावराचा नियम उचलून माझ्या पांढऱ्या टेबलावर ठेवला होता. जिथे पैसे वजनाचे असतात, तिथे हात कोणाचे आहेत हे तराजू विचारत नाही. आयांनी हिशेब बरोबर केला होता. माझं गणित चुकलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात हे रोज दिसतं. माणसांना ज्या आकड्यावर बक्षीस द्याल, तो आकडा वाढतो, आणि बाकीचं मोडतं. हे मी ऑफिसात तरुण मुलांना शिकवते. स्वतःच्या ओसरीत मला ते दिसलं नाही.

पळवाट होती, हेही सांगते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत घरच्या उद्योगात मदत केली तर चालते. मला वाटलं, हा गट म्हणजे त्यांचा घरचाच उद्योग की. मुली संध्याकाळी आल्या तर काय बिघडलं? मी हे मोठ्याने बोलले आणि माझ्या नणंदेने माझ्याकडे बघितलं. ती फक्त म्हणाली, "मग पाटीवर तसं लिहूया का? मुलांचे हात आहेत, पण संध्याकाळचे?" विषय तिथे संपला.

मग आम्ही गटासोबत बसलो. त्या बैठकीत मी काही शिकवलं नाही, मला शिकवलं गेलं. ठरलं ते असं. किलोचा दर बंद. दिवसाची मजुरी, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेचार, शाळेचीच वेळ. मूल शाळेत असतं तेवढाच वेळ आईचं काम. एक बाई म्हणाली, "मंग जे हळू करते तिलेही तेवढेच?" हो, तेवढेच. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. गर कमी निघायला लागला, जवळजवळ पाव हिश्शाने. खर्च वाढला. कपाची किंमत १० रुपयांनी वाढवली, थोडी गिऱ्हाईकं गेली. आणि ज्या मुलीचे दिवसाला चार किलो होत होते, तिच्या घरची रोजची कमाई घटली. हे मी झाकणार नाही. शाळेत परत गेल्याचा आनंद तिला झाला नव्हता. ती माझ्यावर रागावली होती. त्या घरासाठी गटाने आईला फ्रीजर सांभाळायचं, तापमान वहीत लिहायचं काम दिलं. आता ते वर्षभराचं काम आहे, कारण सीताफळ संपलं की उन्हाळ्यात आंब्याचा रस येतो, चारोळी येते.

चारोळीचंही एक वाक्य सांगते. एके काळी जंगलातल्या माणसांकडून व्यापारी मिठाच्या मोबदल्यात चारोळी मोजून घेत. आज कोणी मीठ देत नाही, पण घाईचा भाव तसाच आहे. आधी तोडली तर आधी विकली जाते, म्हणून फळ कच्चं असतानाच फांद्या ओरबाडतात, आणि झाड पुढच्या वर्षी रुसतं. म्हणून आम्ही फळ पूर्ण पिकल्यावरचीच चारोळी घेतो, कमी मिळाली तरी चालते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौणवनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. तो कागदावरून टोपलीत कसा आणायचा, हे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने दाखवलं. आपल्या तालुक्यातल्या गावांनी तो रस्ता धरावा, असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारख्या दुकानांनी भाव द्यावा, पण झाडाचा मालक गावच असावा.

आणि साखर? हा प्रश्न मला एका शाळकरी मुलाने दुकानात विचारला. दूध, सीताफळ, कोको, सगळ्याची गोष्ट पाटीवर आहे, मग साखरेची का नाही? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत एक खाडा झाला तरी दंड बसतो, आणि एका कोयत्यामागे नवरा-बायको दोघांचा हिशेब असतो. तिथेही मोजमाप टनावर. मी वणीत पोतं विकत घेते, त्यातली साखर कोणत्या कोयत्याची, हे कोणी सांगू शकत नाही. गूळ घालून पाहिला, सीताफळाची चव मारली जाते. म्हणून आम्ही जुनी पाटी काढली. 'एथिकल' हा शब्दही काढला. आता भिंतीवर साध्या मराठीत दोन रकाने आहेत. पहिल्यात 'हे कुठून येतं, ते आम्हाला माहीत आहे'. दुसऱ्यात 'हे अजून माहीत नाही'. साखर दुसऱ्या रकान्यात आहे. त्या पाटीसोबत कोणी फोटो काढत नाही. पण गिऱ्हाईकं थांबून वाचतात.

धंदा करायचा विचार असणाऱ्या तरुणांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. छोट्या उत्पादकांसाठी जीएसटीत कंपोझिशन नावाची सोपी योजना आहे. आईस्क्रीम बनवणाऱ्याला ती मिळत नाही. ज्या यादीत आम्हाला वगळलं आहे, तिच्यात आमच्या शेजारी पानमसाला आणि तंबाखू बसले आहेत. सीताफळाला ही संगत कशी लागली, मला माहीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून आईस्क्रीमवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तेवढा श्वास मिळाला. म्हणजे हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. आपल्या गणिताच्या सरांचा आवाज कानात असेल तर जमतं.

आता शेवटचं. ही स्मरणिका हातात आली तेव्हा मी आमच्या बॅचची यादी बघितली. दहावी पास झालेल्यांची नावं आहेत. मी मनातल्या मनात सातवीचा वर्ग मोजला. आम्ही तेव्हा पुष्कळ जास्त होतो. माझ्या बाकावर माझ्या उजवीकडे बसणारी मुलगी यादीत नाही. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. दिवाळीची सुटी संपल्यावर ती आली नाही, आणि आम्ही दोन दिवस तिच्याबद्दल बोललो, तिसऱ्या दिवशी तिच्या जागेवर सरकून बसलो. बाक मोकळा झाला, याचं मला बरंच वाटलं होतं. आज कळतं की तो बाक माझ्यासाठीच मोकळा झाला, आणि पुढचे सगळे बाकही.

माझी माजी विद्यार्थी संघाला विनंती आहे. पुढच्या स्मरणिकेत पहिलीपासूनच्या पटावरची सगळी नावं छापा. जी मधेच गेली, तीही आपलीच माजी विद्यार्थी. वर्गणी आम्ही देऊ. आणि दुसरी विनंती तुम्हा सगळ्यांना. इमारतीला रंग द्या, संगणक द्या, मीही देईन. पण वर्षातून एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, शाळेत या आणि बाईंना हजेरीपट मागा. त्या महिन्यात कोणाचा कापूस वेचला जातो, कोणाची सीताफळं सोलली जातात, कोणाच्या वीटभट्टीला माणसं लागतात, ते त्या पानांवर दिसतं. आपल्यापैकी कित्येकांची वावरं आहेत, दुकानं आहेत, ठेके आहेत. माझं नाव तिथे सापडलं, तसं आणखी कोणाचंही सापडू शकतं. सापडलं तर लाजू नका, फक्त दर कशावर ठरवला आहे ते एकदा बघा.

या ऑक्टोबरचा पट बाईंनी मला दाखवला. त्या पोडावरच्या पाच मुली आता नववीत आहेत. त्यांच्या नावांपुढे दोन-तीन गैरहजर आहेत, ताप, लग्न, मामाकडे जाणं, जशी आपली असायची तशी. चार किलोवाली माझ्याशी आता बोलते. तिने मला विचारलं, यंत्र चालवायला काय शिकावं लागतं. मी म्हटलं, आधी गणित. ती म्हणाली, "तेच त येत नाही." तर गणिताचे कोणी निवृत्त सर इथे बसले असतील, त्यांनी मला जेवणानंतर भेटावं.

आणि जेवणाच्या पंगतीत आज सीताफळाचं आईस्क्रीम आहे. गर इथलाच आहे. साखर कुठली, ते अजून माहीत नाही.